अंधाऱ्या वर्गातली चित्रं

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

‘अथवा’ हा शब्द मराठीत आहे, तसाच गुजरातीतही आहे. आपल्याकडे तो बहुतेक वेळा सरकारी अर्जात भेटतो. वडिलांचे अथवा पालकांचे नाव, कायमचा अथवा तात्पुरता पत्ता. कवितासंग्रहाला हा शब्द नाव म्हणून द्यावा, असं निदान मला कधी सुचलं नसतं. १९७४ साली एका गुजराती कवीला ते सुचलं. त्या कवीचं नाव गुलाममोहम्मद शेख. हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बी.ए.ला होतो. मराठी शिकवणारे सर कविता वाचून वही परत देताना म्हणाले, ‘‘गुजरातीत तुझ्यासारखा एक आहे. कविता लिहितो, चित्रं काढतो आणि विद्यापीठात शिकवतोही.’’ ‘तुझ्यासारखा’ म्हणजे नेमकं काय, ते सरांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. चित्र काढणं तर मला आजही जमत नाही. पण ते नाव डोक्यात राहिलं.

आज शेखांबद्दल बोलायचं आहे ते मुख्यतः त्यांच्या नोकरीबद्दल. हे ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. चित्रकाराची चित्रं बघायची सोडून त्याच्या नोकरीचं काय ऐकायचं? आपल्याकडे अशी एक समजूत आहे की खरा कलावंत पोटासाठी मास्तरकी करतो आणि संध्याकाळी घरी येऊन खरं काम करतो. वर्ग ही त्याची सक्तीची हजेरी. शेखांच्या बाबतीत मला ही समजूत साफ चुकीची वाटते. त्यांची चित्रं वर्गातून आली. ती कशी, ते सांगतो.

त्यांचा जन्म १९३७चा, सौराष्ट्रातल्या सुरेंद्रनगरचा. मदरशात कुराण आणि शाळेत संस्कृत, असं त्यांचं लहानपण. आता हे ऐकून कुणी ‘वा, काय सहिष्णुता!’ म्हणेल. पण लहान गावातल्या मुलाला त्यात काही विशेष वाटत नसतं. सकाळी एक लिपी उजवीकडून डावीकडे गिरवायची, दुपारी दुसरी डावीकडून उजवीकडे. माझंही तसंच झालं. घरी दखनी, मदरशात अरबी, शाळेत मराठी. आपण काही जगावेगळं करतो आहोत हे मोठेपणी दुसऱ्यांनी सांगितलं. ‘‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता मी फक्त ‘आभारी आहे’ म्हणतो.

१९५५ साली शेख बडोद्याला आले. इथे थोडं बडोद्याविषयी सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन सुरू केलं होतं. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. पुढे १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं. हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू. लगेच १९५० साली विद्यापीठात ललितकलांची स्वतंत्र विद्याशाखा, म्हणजे फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्स, उघडली. तोवर आपल्याकडे चित्रकला शिकायची म्हणजे मुंबईचं जे. जे. स्कूल डोळ्यांपुढे यायचं. ते १८५७ सालचं, इंग्रजांच्या वळणाचं, आणि शेवटी हातात पडायचा डिप्लोमा. दुसरी वाट रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनची. बडोद्यात तिसरा प्रयोग झाला. चित्रकार हा इतर पदवीधरांसारखाच विद्यापीठाचा पदवीधर असेल, त्याला हाताइतकंच डोकंही वापरावं लागेल, असं ठरलं. त्यामुळे कलेचा इतिहास हा तिथे तोंडी लावण्यापुरता विषय राहिला नाही.

चित्रकला विभागाचे पहिले प्रमुख होते ना. श्री. बेंद्रे. इंदूरचे मराठी माणूस. शिल्पकलेला शंखो चौधुरी, आणि १९५१पासून के. जी. सुब्रमण्यन. हे दोघे शांतिनिकेतनचे. म्हणजे इंदूर, बंगाल, केरळ, आणि गाव गुजरातचं. रस्त्यावर मराठीही ऐकू यायची, आजही येते. शेखांना शिकवणारी ही माणसं. त्यांच्यातला कुणी आपल्यासारखीच चित्रं काढा म्हणणारा नव्हता, हे नशीब. बेंद्र्यांचे विद्यार्थी बेंद्र्यांसारखी चित्रं काढत नाहीत, याचं कौतुक व्हायला हवं तेवढं झालेलं नाही.

१९६० साली दोन गोष्टी घडल्या. मुंबईला जहांगीर आर्ट गॅलरीत शेखांच्या चित्रांचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन झालं. त्यात घोडे होते, टांग्याचे. आणि त्याच वर्षी ते विद्याशाखेत शिकवू लागले. वय तेवीस. विषय मात्र चित्रकला नव्हता. विषय होता कलेचा इतिहास.

मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातला महत्त्वाचा क्षण हा आहे. विचार करा. आपल्या खोलीत बसलेल्या चित्रकाराला निवडीचं स्वातंत्र्य असतं. त्याला व्हॅन गॉग आवडला तर तो व्हॅन गॉग बघेल. मुघल चित्रं आवडली नाहीत तर त्यांच्याकडे पाठ फिरवेल. शिक्षकाला हे स्वातंत्र्य नाही. पडदे ओढायचे, वर्गात अंधार करायचा, प्रोजेक्टरमध्ये स्लाइड घालायची आणि समोर जे उमटेल त्याबद्दल बोलायचं. आज अजिंठा, पुढच्या आठवड्यात इटलीतला जोत्तो, मग अकबराच्या कारखान्यातला हमजानामा, मग चीन. परीक्षा आहे, पोरं प्रश्न विचारणार आहेत. ‘हे आपलं नाही’ असं म्हणून एखादी स्लाइड वगळता येत नाही. अंधाऱ्या वर्गात पडद्यावर आलेलं प्रत्येक चित्र तेवढा वेळ आपलंच असतं.

त्या काळात चित्रकारांमध्ये एक मोठा वाद चालला होता. आधुनिक व्हायचं तर पॅरिसकडे बघायचं की भारतीय राहायचं? आणि भारतीय म्हणजे कोणतं? अजिंठ्याचं की राजस्थानचं? मुघल त्यात धरायचे की नाही? सगळ्या प्रश्नांत ‘अथवा’ होता. आमच्या मराठी साहित्यातही तो होता आणि अजूनही त्याची भूतं अधूनमधून दिसतात. शेखांनी या वादात सुरुवातीला उडीही घेतली. १९६२ साली भावनगरला जयंत पंड्यांच्या घरी काही चित्रकार जमले आणि घराचाच क्रमांक घेऊन ‘ग्रुप १८९०’ स्थापन झाला. जे. स्वामिनाथन, जेराम पटेल, हिम्मत शाह, आपल्या विदर्भातले अंबादास, असे एकूण बारा जण. १९६३ साली दिल्लीत प्रदर्शन झालं, नेहरूंनी उद्घाटन केलं, कॅटलॉगमध्ये ऑक्टेव्हियो पाझनं लिहिलं. गाजावाजा खूप झाला. गट मात्र त्या एका प्रदर्शनानंतर विरला. असे गट असेच विरतात.

त्याच वर्षी शेख राष्ट्रकुल शिष्यवृत्ती घेऊन लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेले. १९६६पर्यंत तिकडे होते. आता गंमत बघा. लंडनला गेलेला भारतीय चित्रकार बहुतेक वेळा तिथलं नवं घेऊन परत येतो. शेखांना तिथल्या संग्रहालयांत आपली जुनी चित्रं भेटली. मुघल आणि राजस्थानी चित्रांचे मूळ कागद. वर्गात ज्यांच्या स्लाइड दाखवल्या त्यांचा खरा आकार, खरा रंग. आणि दुसरं म्हणजे इटली. सिएना गावाच्या नगरगृहात अंब्रोजो लोरेंझेत्तीनं १३३८-३९ साली भिंतीवर काढलेली चित्रं आहेत. एका भिंतीवर चांगल्या राज्यकारभाराचं शहर. त्यात घरं बांधणारे गवंडी आहेत, दुकानं आहेत, गाढवांवर माल लादून येणारे शेतकरी आहेत, रस्त्यात फेर धरून नाचणारी माणसं आहेत. आणि एका कमानीखाली एक शिक्षक बसला आहे, समोर विद्यार्थी. शेजारी दुकानं चालू आहेत, याचं शिकवणं चालू आहे. समोरच्या भिंतीवर वाईट राज्यकारभार. तिथे शिंगं असलेला जुलमी राजा आहे, शहर ओस पडलंय, रस्त्यात मारामाऱ्या आहेत. ही चित्रं शेखांच्या मनात कायमची बसली. पुढची वीस वर्षं ती कशी उगवत राहिली ते आपण बघणार आहोत.

१९६७पासून पुन्हा बडोदा, पुन्हा कलेचा इतिहास. १९८१पर्यंत तोच विषय. तिशीचा माणूस चव्वेचाळीसचा झाला. या काळात त्यांनी भूपेन खख्खर यांच्याबरोबर ‘वृश्चिक’ नावाचं छोटं मासिक काढलं, १९६९ ते १९७३. भूपेन मुंबईचे, चार्टर्ड अकाउंटंट, शेखांच्याच आग्रहानं बडोद्याला आलेले. तेही गुजरातीत कथा लिहायचे. मासिकाचं नाव विंचवाचं होतं आणि नांगीही होती. ललित कला अकादमीच्या कारभारावर त्यात सडकून टीका झाली. सुरेश जोशी त्याच विद्यापीठात गुजराती शिकवत आणि ‘क्षितिज’ मासिक चालवत. त्या वर्तुळात शेखांची कविता वाढली. ‘अथवा’ त्या दिवसांचं पीक. पुढे गद्यही आलं. ‘घेर जतां’ म्हणजे घरी जाताना.

घरी जाण्याचं एक चित्रही आहे. ‘दीर्घ काळानंतर घरी परतताना’ असं त्याचं मराठी करता येईल. चित्राखाली साल आहे १९६९ ते ७३. खाली पुढ्यात आईचा चेहरा, छायाचित्रातल्यासारखा, वय झालेला. मागे मोहल्ल्यातली घरं, मशीद. आणि वर आभाळात इराणी मिराजच्या चित्रांतून उतरलेले फरिश्ते. मोहल्ला सुरेंद्रनगरचा, आकाश इराणचं. मी या चित्राची छापील प्रत पाहिली तेव्हा थोडा वेळ गप्प झालो. आमच्या घरीही भिंतीवर मक्केची तसबीर आणि खाली चुलीपुढे अम्मी असायची. त्या दोघी एका चौकटीत बसू शकतात हे मला कधी दिसलं नव्हतं. कवितेत मी आईबद्दल लिहीत होतो आणि त्या तसबिरीबद्दल गप्प होतो. का, तर मराठी वाचकाला कळेल की नाही, ही धाकधूक.

आता ते साल पुन्हा बघा, १९६९ ते ७३. एका चित्राला चार वर्षं. दुसरं मोठं चित्र ‘सिटी फॉर सेल’, १९८१ ते ८४. तीन वर्षं. याचं एक कारण त्यांचा स्वभाव, सावकाश काम करण्याचा. पण ज्यानं नोकरी करून काही लिहिलं आहे त्याला या सालांत दुसरंही काही वाचता येतं. तपासायचे पेपर, विभागाच्या बैठका, उद्याचा तास. पूर्ण वेळ चित्रं काढणाऱ्यांच्या तुलनेत त्या वर्षांतल्या शेखांच्या कामाची संख्या कमी भरते. नोकरीनं दिलं तसं घेतलंही. हे झाकून त्यांचा गौरव करण्यात अर्थ नाही.

१९८१ साली मुंबईत आणि दिल्लीत ‘प्लेस फॉर पीपल’ नावाचं प्रदर्शन झालं. शेख, भूपेन खख्खर, जोगेन चौधुरी, विवान सुंदरम, नलिनी मलानी आणि आपले ठाण्याचे डॉक्टर सुधीर पटवर्धन. चित्रात पुन्हा माणसं यावीत, गल्ल्या याव्यात, गोष्ट यावी, हा त्यांचा आग्रह. त्या प्रदर्शनासाठी लिहिलेल्या टिपणात शेखांनी म्हटलं की भारतात राहणं म्हणजे एकाच वेळी अनेक काळांत आणि अनेक संस्कृतींत राहणं. आज हे वाक्य जो तो वापरतो. मला त्यात वीस वर्षं स्लाइड दाखवणारा शिक्षक ऐकू येतो. सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी जोत्तो, हे ज्याचं वेळापत्रक होतं, तोच हे बोलू शकतो.

आणि ‘सिटी फॉर सेल’. हे बडोदं आहे. मध्ये सिनेमा थिएटर, त्यात ‘सिलसिला’ चालू आहे. तो १९८१चा सिनेमा, अमिताभ-रेखाचा. भाजीवाली आपली रंगीत गाडी घेऊन उभी आहे. आणि त्याच शहरात, त्याच वेळी दंगल चालू आहे. सिनेमाला गर्दी आहे आणि गल्लीत आग आहे. सिलसिला म्हणजे मालिका, एकामागून एक चालत राहणं. बडोद्यातल्या दंगलींनाही तोच शब्द लागू पडत होता. लोरेंझेत्तीनं चांगलं शहर एका भिंतीवर आणि वाईट शहर समोरच्या भिंतीवर काढलं होतं. शेखांकडे एकच भिंत आहे. दोन्ही शहरं त्यांना एकाच कॅनव्हासवर घ्यावी लागली, कारण ती एकाच पिन कोडात राहतात. हे वाचन माझं आहे, समीक्षकांनी माफ करावं. पण ज्यानं कर्फ्यूत दुधाची रांग आणि दोन गल्ल्या पलीकडचा धूर एकाच खिडकीतून पाहिला आहे, त्याला या चित्राचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

१९८२ साली शेख चित्रकला विभागाचे प्राध्यापक झाले. म्हणजे बावीस वर्षांत पहिल्यांदा, चित्र कसं काढावं हे शिकवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९८३ साली पद्मश्री मिळाली. पदं आणि पुरस्कार यांची यादी मी देत बसत नाही. १९९३ साली त्यांनी नोकरी सोडली.

नव्वदच्या दशकात त्यांच्या चित्रांत कबीर आला. ‘कहत कबीर’ ही चित्रमालिका. त्यामागे कुमार गंधर्वांच्या गळ्यातला कबीर होता, म्हणजे देवासहून आलेला. १९९६ साली भोपाळच्या विधानभवनात, चार्ल्स कोरियांनी बांधलेल्या इमारतीत, शेखांचं जीवनवृक्षाचं भव्य भित्तिचित्र लागलं. अयोध्येनंतरची ती वर्षं आठवा. त्या वर्षांत बऱ्याच जणांना कबीर आठवला होता, आणि खरं सांगायचं तर सभांमधून तो ताबीज बांधावा तसा वापरलाही गेला. माझाही एक कबीर त्या काळातला आहे, तो मी पुढे संग्रहात घेतला नाही. शेखांचा कबीर भाषण करत नाही. तो मागावर बसून विणतो आहे, डोळे खाली, कामावर. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना, ‘योगसंग्राम’ लिहिणाऱ्या आपल्या मराठी संतकवीला, परंपरा कबीराचा अवतार म्हणते. आडनाव तेच. महाराष्ट्रात हे किती जणांना ठाऊक आहे, हा वेगळ्या भाषणाचा विषय.

२००२ साली गुजरातमध्ये जे झालं ते सांगायला नको. बडोद्यातही झालं. त्यानंतरच्या वर्षांत शेखांनी नकाशे काढले. तेराव्या शतकात जर्मनीत एब्स्टोर्फच्या मठात जगाचा एक मोठा वर्तुळाकार नकाशा होता. तो १९४३ साली बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला. त्याचं चित्र असलेलं पोस्टकार्ड शेखांना मिळालं. त्या गोल जगात त्यांनी आपली माणसं बसवली. सोन्याच्या हरणामागे धावणारा राम, रानातला मजनू, ख्रिस्ताकडे हात पसरणारी मेरी मॅग्डेलीन, आणि कबीर. ती मॅग्डेलीन जोत्तोची आहे, मजनू मुघल चित्रांतला. म्हणजे त्या जुन्या अंधाऱ्या वर्गातल्या स्लाइडच. कसलीही परीक्षा नसताना, साठी उलटल्यावर, एका शेजारी एक लावलेल्या. राजस्थानच्या कावडीसारख्या, दारं उघडत जाणाऱ्या चित्रपेट्याही त्यांनी केल्या.

२००७ साली मात्र त्याच विद्याशाखेत एक वाईट गोष्ट घडली. परीक्षेसाठी मांडलेल्या एका विद्यार्थ्याच्या चित्रांवर बाहेरच्या माणसांनी येऊन आक्षेप घेतला. पोलिसांनी त्या मुलालाच अटक केली. निषेध म्हणून विद्यार्थ्यांनी काय केलं? कलेतिहासाच्या वर्गातलीच चित्रं, आपल्याच परंपरेतल्या जुन्या शिल्पांची छायाचित्रं, बाहेर काढून भिंतीवर लावली. ते प्रदर्शन बंद करायला प्रभारी अधिष्ठात्यांनी नकार दिला, तर त्यांना निलंबित करण्यात आलं. पडदे ओढून जे पन्नास वर्षं शिकवलं जात होतं, ते उजेडात लावल्याबरोबर गुन्हा ठरला.

२०२५ साली दिल्लीत किरण नाडर संग्रहालयानं शेखांच्या सहा दशकांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. मला जायला जमलं नाही. पण बडोद्याला मी जाऊन आलो आहे. २०१८च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरलं होतं. एका दुपारी, परिसंवाद चालू असताना, मी हळूच निसटलो आणि रिक्षा करून फाइन आर्ट्सला गेलो. दारात रखवालदारानं नाव विचारलं. सांगितल्यावर तो म्हणाला, ‘‘शेखसाहेबांचे कुणी का?’’

मी म्हटलं, ‘‘नाही. मी मराठीत कविता लिहितो.’’

त्यानं मला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. बडोद्याच्या मराठीत म्हणाला, ‘‘जा आत. पण वर्ग चालू हाय. पोरं काम करतात, आवाज नका करू.’’